उरलेला सहावा डोस कोणाचा? : लसीकरण अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्य लसीकरण अधिकारी, महाराष्ट्र आणि गोवा,
तसेच दोन्ही राज्यांतील सर्व जिल्हा लसीकरण अधिकारी

विषय : पुढच्या साथीची तयारी करताना पोर्तुगालकडून नेमके काय घ्यावे, याबाबत

महोदय, महोदया,

कोविड लसीकरणाचा विषय निघाला की पोर्तुगालचे उदाहरण हमखास दिले जाते. एक कोटीच्या थोडी वर वस्ती असलेला देश, सप्टेंबर २०२१ अखेर ८५ टक्क्यांच्या जवळपास लोकांचे लसीकरण पूर्ण, आणि या सगळ्याच्या पुढे लष्करी चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातले नौदलाचे व्हाइस ॲडमिरल एन्रिक गोव्हेया इ मेलो. गोष्ट ऐकायला छान वाटते. ऐकून झाल्यावर बैठकीत जो निष्कर्ष निघतो तो मात्र चुकीचा असतो : एखादा कडक अधिकारी आणा, काम त्याच्याकडे सोपवा, होऊन जाईल. त्या निष्कर्षाला आमचा विरोध आहे, म्हणून हे पत्र.

आधी काय बिघडले होते ते पाहू. पोर्तुगालमध्ये पहिले दोन रुग्ण २ मार्च २०२० रोजी सापडले. १८ मार्चला आणीबाणीची स्थिती जाहीर झाली. ओव्हार या गावाभोवती तर महिनाभर आरोग्य-नाकाबंदी होती. शेजारच्या स्पेनच्या मानाने पहिली लाट सौम्य गेली आणि 'पोर्तुगीज चमत्कार' असे कौतुक सुरू झाले. मग २०२० चा नाताळ आला. घरोघरी जमायला मोकळीक दिली गेली, त्याच वेळी ब्रिटनमधून आलेला अल्फा प्रकार पसरत होता. टाळेबंदी १५ जानेवारी २०२१ ला लागली, पण शाळा आणखी आठवडाभर चालूच राहिल्या. २८ जानेवारीला एका दिवसात १६,४३२ नवे रुग्ण आणि ३०३ मृत्यू नोंदले गेले. त्या एकाच महिन्यात साडेपाच हजारांहून अधिक माणसे गेली. लिस्बनच्या मोठ्या रुग्णालयाबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जर्मन लष्कराचे २६ जणांचे वैद्यकीय पथक मदतीला आले.

२६ जानेवारीच्या रात्री लिस्बनजवळच्या अमादोरा-सिंत्रा रुग्णालयात जे झाले, ते आपल्याकडच्या प्रत्येक जैववैद्यकीय अभियंत्याने समजून घ्यावे. प्राणवायू संपलेला नव्हता. टाकीत साठा होता, पण एकाच वेळी इतके रुग्ण जास्त प्रवाहाच्या उपचारावर होते की नळजाळ्यातला दाब टिकेना. उच्च प्रवाहाची नाकनळी एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्राणवायू ओढू शकते. साधा मास्क त्याच्या सहाव्या हिश्श्यात भागतो. इमारत बांधताना नळाचा व्यास आणि द्रवरूप प्राणवायूचा वायू करणाऱ्या बाष्पकाची क्षमता जुन्या वापराच्या हिशेबाने ठरलेली असते. शेवटी कित्येक रुग्ण रातोरात दुसऱ्या रुग्णालयांत हलवावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकला टाकीतून गळती होऊन दाब गेला. कारण वेगळे होते, पण रुग्णापाशी परिणाम तोच. आपल्या कागदावर 'किती टन साठा' हा रकाना असतो. 'एकाच वेळी मिनिटाला किती लिटर देता येईल' हा नसतो. तो रकाना घालायला पैसे लागत नाहीत.

आता लशीकडे. युरोपीय संघाच्या देशांना पहिली खेप २६ डिसेंबर २०२० ला मिळाली. पोर्तुगालची खेप कोइंब्राजवळच्या मोंतेमोर-ओ-व्हेल्यो येथील गोदामात उतरली : फायझरचे ९,७५० डोस. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. उणे ७० अंशांत ठेवलेल्या एका ट्रेमध्ये १९५ कुप्या, कुपीत ५ डोस, म्हणजे ट्रेला ९७५. असे दहा ट्रे. दुसऱ्या दिवशी पोर्तोच्या सांव जुआंव रुग्णालयात (गोव्यात ज्याच्या सणाला सांजाव म्हणतात तोच हा संत) पहिला डोस संसर्गजन्य रोगांच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना देण्यात आला.

आणि इथेच पहिली अडचण आली, कारण कुपीत पाच नव्हे, सहा डोस होते.

त्याचे गणित असे. फायझरच्या त्या कुपीत ०.४५ मिलिलिटर घट्ट लस असे. तिच्यात १.८ मिलिलिटर सलाईन घालायचे, म्हणजे एकूण २.२५. एक डोस ०.३ मिलिलिटरचा, तेव्हा सहा डोसांना १.८ लागतात आणि ०.४५ शिल्लक राहते. साध्या सिरिंजमध्ये दट्ट्या तळाला टेकल्यावरही टोकाशी आणि सुईत थोडे औषध अडकते. ते दर वेळी ०.०८ मिलिलिटर धरा. सहा वेळा मिळून ०.४८ होते. शिल्लक ०.४५ च होती, म्हणजे सहावा डोस अपुरा पडला. अडकणारे प्रमाण ०.०३५ च्या आत असलेली सिरिंज वापरली तर सहा वेळचे नुकसान ०.२१ आणि सहावा डोस आरामात निघतो. युरोपच्या औषध नियामकाने ८ जानेवारी २०२१ ला सहा डोसांची मान्यता दिली, पण सिरिंजची अट घालूनच. दहा ट्रेच्या खेपेत या फरकाने १,९५० जास्तीचे डोस निघतात. सिरिंज लशीच्या बरोबरीने मागवली नाही, तर तेवढे डोस कचऱ्याच्या पेटीत जातात. दोन कुप्यांतले उरलेसुरले एकत्र करून एक डोस बनवणे हा मार्ग नाही. ते कोणीही, कितीही टंचाईत करू नये.

लस पातळ करताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या असतात. सलाईन आत गेल्यावर कुपीत दाब वाढतो. सुई काढण्याआधी त्याच सिरिंजने १.८ मिलिलिटर हवा परत ओढून घेतली नाही, तर लस बुचातून बाहेर उडते. कुपी हलक्या हाताने दहा वेळा उलटी-सुलटी करायची असते. पाहुण्यांसमोर जोरात हलवून दाखवायची नसते. पातळ केल्यावर सहा तासांत वापरायची. गोठणावरून काढून २ ते ८ अंशांत आणलेली कुपी तेव्हा पाच दिवसच टिकत असे. ती मुदत महिन्यावर गेली ती मे २०२१ मध्ये. म्हणजे पहिले पाच महिने संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक केंद्रावर एकच प्रश्न उभा होता : कुपी उघडली आहे, तिच्यात दोन डोस आहेत, रांग संपली आहे, आता कोणाला टोचू?

पोर्तुगालने याचे उत्तर सुरुवातीला लिहूनच ठेवले नव्हते. परिणाम काय झाला? पोर्तोत आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या प्रादेशिक कार्यालयात उरलेले डोस शेजारच्या मिठाईच्या दुकानातल्या कामगारांना दिले गेले. सेतुबालमध्ये सामाजिक सुरक्षा कार्यालयातल्या, प्राधान्यात न बसणाऱ्या लोकांनी लस घेतली. राजीनामे झाले. लसीकरणाच्या कार्यदलाचे पहिले प्रमुख ज्या रुग्णालयाचे कामकाज पाहत होते, तिथेही निवडीत गडबड आढळली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी पद सोडले. गोव्हेया इ मेलो त्या जागी आले ते असे. आणि ते कुठून बाहेरून आणलेले नव्हते. त्याच कार्यदलात पुरवठ्याची बाजू ते आधीपासून पाहत होते.

मिठाईवाल्यांच्या प्रकरणात सांगितलेले कारण होते, डोस वाया जाऊ नये. हे कारण खोटे मानायची गरज नाही. वाया घालवला तरी ओरड आणि ओळखीच्याला दिला तरी ओरड, अशा कात्रीत शेवटच्या टेबलावरचा माणूस सापडतो. आपल्याकडे हे नवे नाही. कोविशिल्डची दहा डोसांची कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागे, आणि गोवर-रुबेलाच्या कुपीचेही तेच. दहावा माणूस येईपर्यंत आधीचे तिघे ताटकळतात, कारण वेस्टेजचा आकडा वर जाब विचारायला तयार असतो. ज्याच्या हातात कुपी आहे, त्याला निवडीचा अधिकारच देऊ नका. सत्र सुरू होण्याआधी राखीव यादी तयार हवी : पुढच्या प्राधान्यगटातली, केंद्रापासून अर्ध्या तासात पोहोचू शकणारी, फोन क्रमांक पडताळलेली माणसे, क्रमाने. बंद होण्याच्या दोन तास आधी उरलेल्या कुप्या मोजायच्या, शेवटची कुपी उघडण्यापूर्वीच यादीतल्यांना बोलवायचे, आणि कोण आले, कोणी फोन उचलला नाही, हे त्याच कागदावर लिहायचे. फेब्रुवारीनंतर पोर्तुगालमध्ये उरलेल्या डोसांसाठी प्राधान्यातल्याच लोकांची अशी राखीव यादी सक्तीची झाली. आमच्या मते पोर्तुगालच्या यशाचे पहिले पान हे आहे, गणवेश त्याच्या बऱ्याच नंतर येतो.

दुसरे पान : यादी कशावर बांधायची. पहिल्या टप्प्यात ८० च्या वरचे सगळे आणि त्यांच्याबरोबर ५० च्या पुढचे, पण हृदय निकामी होणे, हृदयधमनीचा विकार, मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा विकार यांपैकी काही असलेले लोक होते. वैद्यकीयदृष्ट्या योग्यच. पण वय सरकारी नोंदवहीत असते आणि आजार नसतो. जे खासगी डॉक्टरांकडे जात, त्यांचे निदान राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संगणकात नव्हते. त्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणावे लागले. यात आठवडे गेले. पुढे वसंतात वय हाच मुख्य निकष झाला, वरून खाली, आणि गाडी सुसाट निघाली. मार्च २०२१ मध्ये आपणही ४५ ते ५९ वयोगटाला सहव्याधीचे प्रमाणपत्र मागितले आणि १ एप्रिलला तो निकष सोडला. दोन्हीकडे एकच अनुभव. टंचाई असेल तेव्हा सूक्ष्म न्याय करायचा मोह होतो, पण ज्याची यादी हाताशी नाही असा निकष म्हणजे ज्याची ओळख आहे त्याला पुढे जाण्याची वाट.

बोलावणे जायचे ते एसएमएसने, २४२४ या क्रमांकावरून. नागरिकाने 'सिम', म्हणजे 'होय', असे लिहून आपला आरोग्य-ओळख क्रमांक परत पाठवायचा. ८० वर्षांच्या माणसाला हे जमेल असे धरणे म्हणजे भाबडेपणा होता. कित्येकांचे नोंदलेले क्रमांक बदललेले, कित्येकांचे मुलाचे. म्हणून उत्तर न आलेल्यांना आरोग्य केंद्रातून फोन, तोही न लागल्यास पत्र, अशी उतरंड ठेवावी लागली. स्थानिक पंचायतींनी आणि नगरपालिकांनी म्हाताऱ्यांना शोधून, गाडी देऊन आणले. २३ एप्रिलपासून ६५ च्या पुढच्यांना संकेतस्थळावर स्वतः वेळ घेता येऊ लागली, मग वय टप्प्याटप्प्याने खाली आले. उन्हाळ्यात 'उघडे घर' नावाने वेळ न घेता येण्याची सोय झाली. तिच्यामुळे रांगा लागल्या, म्हणून त्याच दिवसाचे डिजिटल टोकन आले आणि कोणत्या केंद्रावर किती गर्दी आहे हे हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दिसू लागले. आधी बोलावणे, मग स्वतः निवडणे, शेवटी उघडे दार, हा क्रम नीट लक्षात घ्या. लस कमी असताना दार उघडे ठेवले असते, तर मोबाइल चालवणारे तरुण आत आणि आजी बाहेर. मे २०२१ मध्ये को-विनवर वेळ मिळवायची जी झुंबड उडाली, ती आठवून पाहा.

सभागृहाच्या आतली मांडणी हा लष्करी शिस्तीचा नाही, गुणाकाराचा विषय आहे. पोर्तुगालमध्ये सुमारे ३०० केंद्रे होती, बरीचशी नगरपालिकांच्या क्रीडागृहांत, आणि काम करणाऱ्या परिचारिका आरोग्य केंद्रांतल्या. लस घेतल्यावर ३० मिनिटे थांबायचे, आपल्यासारखेच. आता उदाहरणादाखल दहा बूथ धरा. एका माणसाला चार मिनिटे, म्हणजे बूथमागे तासाला १५ आणि एकूण १५०. प्रत्येकजण अर्धा तास बसणार, तेव्हा कोणत्याही क्षणी ७५ माणसे खुर्चीत असतील. सोबत आलेले आणि चक्कर आल्याने जास्त बसणारे धरून ९० खुर्च्या. नोंदणीला दोन मिनिटे लागत असतील, तर पाच खिडक्या. खिडक्या तीनच ठेवल्या तर तासाला ९० च माणसे आत येतील, आणि दहापैकी चार बूथवरच्या परिचारिका हातावर हात ठेवून बसतील. मग वरून फोन येतो की परिचारिका वाढवा. गळा कुठे आवळला आहे ते न पाहता हात वाढवून उपयोग नसतो. दहा तासांत १,५०० डोस, म्हणजे सहाच्या हिशेबाने २५० कुप्या, म्हणजे एका ट्रेपेक्षा जास्त. सकाळी किती कुप्या पातळ करायच्या आणि दुपारी किती, हे फळ्यावर लिहिलेले हवे. असे सुटे सुटे हिशेब जुळल्यावर देशाने उन्हाळ्यात दिवसाला लाखाहून अधिक डोस गाठले.

बूथमध्ये पडदा हवा, तोही सजावटीसाठी नाही. जुलै २०२१ मध्ये लिस्बनजवळच्या माफ्रा येथील केंद्रात जॅन्सेनची लस घेतल्यावर काही जण चक्कर येऊन पडले. ती बॅच बाजूला ठेवण्यात आली, औषध नियामकाने तपासणी केली, लशीच्या दर्जात दोष आढळला नाही. तरुण माणूस, उन्हात उभी रांग, रिकामे पोट, पुढच्याला पडताना पाहिलेले : चक्कर यायला एवढे पुरते. बॅच वेगळी काढणे योग्यच होते. पण बॅच क्रमांक, वेळ, बूथ आणि माणूस उभा होता की बसलेला, हे चार तपशील त्याच तासात लिहिले गेले, तरच तपासणीला काही अर्थ राहतो.

अॅस्ट्राझेनेकाच्या बाबतीत आम्ही पोर्तुगालला पूर्ण गुण देणार नाही. फेब्रुवारीत सांगितले, ६५ च्या वरच्यांना शक्यतो देऊ नका, कारण चाचण्यांत वयस्कर कमी होते. १० मार्चला ती मर्यादा काढली. १५ मार्चला रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मिळ घटनांमुळे लसच थांबवली आणि शिक्षकांचे २०-२१ मार्चला ठरलेले लसीकरण आठवडाभर पुढे गेले. २२ मार्चला पुन्हा सुरू. ८ एप्रिलला सांगितले, ६० च्या खालच्यांना देऊ नका. म्हणजे दोन महिन्यांत सल्ला पुरता उलटा झाला. प्रत्येक पायरीमागे त्या-त्या दिवशी हातात असलेला पुरावा होता, हे खरे. तरीही ज्या बाईंनी फेब्रुवारीत आपल्या आईला 'ही लस म्हाताऱ्यांसाठी नाही' म्हणून थांबवले, त्यांना एप्रिलमध्ये 'ही फक्त म्हाताऱ्यांसाठी' हे पटवणे किती कठीण, याचा विचार आदेश काढणाऱ्याने करायला हवा होता. सल्ला बदलताना जुना सल्ला, नवा सल्ला आणि बदलाचे कारण एकाच पानावर, एकाच दिवशी, केंद्रावरच्या परिचारिकेच्या हातात असले पाहिजे. तिला ते दूरचित्रवाणीवरून कळता कामा नये.

आता ओदेमिरा. दक्षिण पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या या तालुक्यात प्लॅस्टिकच्या हरितगृहांत बेरीची फळे पिकतात. तोडणीला नेपाळ, भारत, बांगलादेश, थायलंड इथले मजूर असतात, आणि ते एका खोलीत दाटीवाटीने राहतात. लाट ओसरल्यावर देशाने मार्चपासून जे टप्प्याटप्प्याने उघडणे सुरू केले, त्याचे मोजमाप होते १४ दिवसांत लाख लोकसंख्येमागे १२० रुग्ण, आणि प्रसाराचा दर १ च्या आत. ओदेमिरा हे मोजमाप ओलांडून कितीतरी वर गेला. एप्रिल २०२१ च्या अखेरीस सांव तेओतोनियो आणि लोंगेइरा-आल्मोग्राव्ह या दोन गावगटांभोवती नाकाबंदी झाली, आणि मजुरांच्या विलगीकरणासाठी एक पर्यटन-वसाहत सरकारने ताब्यात घेतली. तिथल्या महापौरांनी एक मुद्दा काढला होता, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो : रुग्ण मजुरांसकट मोजता, पण भागायचे ते मजूर नसलेल्या जनगणनेच्या आकड्याने. छेद चुकीचा असेल, तर दर फुगतो.

लशीच्या वेळी हाच छेद उलटा चावतो. यादीत नसलेला माणूस 'बाकी' म्हणूनही दिसत नाही, आणि टक्केवारी शंभराला टेकते. पोर्तुगालने मार्च २०२० मध्येच, ज्यांचे निवासाचे अर्ज प्रलंबित होते त्या परदेशी लोकांना आरोग्य सेवेपुरते नियमित मानायचा निर्णय घेतला होता. लसीकरणात आरोग्य-ओळख क्रमांक नसलेल्यांसाठी स्वतंत्र नोंदणी उघडायला मात्र एप्रिल २०२१ उजाडले. उशीर झाला, पण झाले. बीडचा ऊसतोड मजूर नोव्हेंबर ते मार्च कोल्हापुरात असतो की कर्नाटकात, याची नोंद आपल्या कोणत्या यादीत आहे? गोव्यातल्या मासेमारी बोटींवरचे ओडिशा-झारखंडचे खलाशी कोणत्या तालुक्याच्या छेदात धरले जातात? हा प्रश्न साथ येण्याआधी सुटला पाहिजे, आणि तो सोडवायला साखर कारखान्यांच्या टोळ्यांच्या याद्या आणि जेटींची नोंदवही पुरेशी आहे.

उलट टोकाचे उदाहरण अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या अझोरिश बेटांमधले कोर्वू. वस्ती चारशेच्या आसपास, रुग्णालय नाही, खराब हवेत विमान उतरत नाही. तिथे गटवारी करत बसण्याऐवजी सगळ्या प्रौढांना एकदमच लस दिली. फायझरच्या एका ट्रेमध्ये साऱ्या बेटाचे दोन्ही डोस मावतात. मेळघाट-धडगावच्या पावसाळ्यात तुटणाऱ्या पाड्यांसाठी वयाची शिडी लावायची की एका फेरीत सगळे, याचे उत्तर कोर्वूने दिले आहे.

गणवेशाबद्दलही दोन शब्द. तो चालला, कारण ती जमीन तशी होती. पोर्तुगालचा राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम १९६५ पासून अखंड चालू आहे. सार्वजनिक आरोग्य सेवा १९७९ ची. लसीची पुस्तिका घरोघरी जपून ठेवतात. आणि त्या देशात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनीच हुकूमशाही संपवली, म्हणून तिथल्या माणसाला गणवेशात लोकशाहीही दिसते. गोव्याच्या वाचकाला पोर्तुगीज गणवेश पाहून १९६१ आठवेल. लिस्बनमध्ये तेव्हा पंतप्रधान होते आंतोनियो कोस्ता, ज्यांचे वाडवडील मडगावचे. इतिहासाच्या अशा गमती असतात. सांगायचे एवढेच की विश्वास पन्नास वर्षांत साठलेला होता, ॲडमिरलनी तो खर्च केला. ऑगस्टमध्ये ओदिव्हेलश येथे लसविरोधकांनी त्यांना 'खुनी' म्हणून घेरले, तेव्हा खरा खुनी विषाणू आहे, असे सांगून ते आत गेले. त्या शनिवार-रविवारी केंद्रांवर लोक येतच होते. पुढच्या दोन शनिवार-रविवारी १२ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळा उघडण्याआधी लस मिळाली. जानेवारी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिला होता, हेही विसरता येत नाही.

गोव्यातल्या आणि कोकणातल्या ज्या कुटुंबांची माणसे लिस्बनमध्ये आहेत, त्यांना जुलै २०२१ मध्ये एक वेगळाच धक्का बसला. युरोपचे डिजिटल प्रमाणपत्र सुरू झाले, तेव्हा पुण्यात बनलेली कोविशिल्ड त्यात आपोआप धरली जात नव्हती. युरोपीय नियामक लशीबरोबर ती बनणारा कारखानाही तपासून मान्य करतो, आणि त्या अर्जात पुण्याचा कारखाना नव्हता. कोविशिल्ड मानायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोडले गेले. म्हणून पुढच्या वेळी परदेशी जाणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर लशीचे नाव, बॅच आणि उत्पादनस्थळ पहिल्या दिवसापासून छापावे.

शेवटचा मुद्दा शीतसाखळीचा, आणि तो पोर्तुगालच्या चांगल्या दिवसांतला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये, सगळे सुरळीत चालू असताना, पोर्तोच्या केइमोद्रोमो या मैदानावरच्या केंद्रात शीतसाखळी तुटली. बिघाड लक्षात येऊन काम थांबेपर्यंत हजारेक लोकांना ते डोस देऊन झाले होते. केंद्र बंद करावे लागले आणि त्या लोकांना काय सांगायचे, हा प्रश्न उरला. तापमान नोंदणारे यंत्र रात्रभर नोंद करते, पण सकाळी ती नोंद कोणी वाचली नाही तर यंत्राचा उपयोग नाही. आयएलआरवरचा, म्हणजे लस ठेवायच्या शीतपेटीवरचा, तापमानाचा तक्ता आपल्याकडे दिवसातून दोनदा भरला जातो. पुष्कळदा आठवड्याचा एकदम, एकाच पेनने. आमची मागणी अशी : पहिली कुपी बाहेर काढण्याआधी रात्रीचा किमान आणि कमाल आकडा वाचून दोघांनी सही करावी, एक शीतसाखळी सांभाळणारा आणि दुसरी लस टोचणारी. आकडा २ च्या खाली किंवा ८ च्या वर असेल, तर कुप्या फेकायच्या नाहीत आणि वापरायच्याही नाहीत. त्यांच्यावर 'थांबवले' असे लिहून, थंडच ठेवून, जिल्ह्याला फोन करावा. आणि सही नसेल त्या दिवशी सत्र सुरू होऊ नये, बाहेर मंत्री उभे असले तरी.

कळावे,

आपले,
लसीकरण आणि शीतसाखळीच्या कामातले सहकारी